रविवारचा चेंडू

बुडापेस्ट, १४ जानेवारी १९०२

ती. डेलियाताईस लायनेलचा सा. न. वि. वि.

नाताळाआधी तू पाठवलेली पिंगपाँगची पेटी पोचली. एक चेंडू वाटेत चेपला होता. मी आपल्या घरच्या सवयीने तो कपभर गरम चहात टाकला. घरमालक केरेकेशकाका आणि त्यांची मुलगी पिरोश्का बघतच राहिले. त्यांना वाटलं, इंग्रज माणूस न्याहारीला हेच खातो. चेंडू पुन्हा गोल होऊन वर आला तसे काका टाळ्या पिटायला लागले. इथे आल्यापासून कुणी माझ्याशी हसून बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता खालच्या त्यांच्या कॉफीच्या दुकानात बिलियर्डच्या टेबलावर फळ्या टाकून जाळी बांधली आहे. गव्हाचे दलाल, वकील, पोस्टमास्तर, सगळे रांग लावतात आणि कॉफी गार होते. पिरोश्का तर मला हरवायलाही लागली.

आता खरी अडचण. ९ फेब्रुवारीला, कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी, जोड्यांचे सामने आहेत आणि पिरोश्काची जोडी माझ्याशी लावली आहे. पण रविवारी खेळणार नाही, असं आईने स्टेशनवर माझ्याकडून वदवून घेतलं होतं. इथे लोक सकाळी चर्चला जातात आणि दुपारी मजा करतात. पिरोश्का म्हणते, सुट्टीच्या दिवशी खेळायचं नाही तर तुम्हा लोकांनी खेळ शोधला कशाला? ताई, तू आईला विचार ना. मला ती उत्तर देत नाही.

चेंडू संपत आलेत. लोभ आणि चेंडू, दोन्ही पाठवत राहा.

तुझा लायनेल


क्रॉयडन, २० जानेवारी १९०२

चि. लायनेल यास अ. उ. आ.

तुझी पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवते. चहातल्या चेंडूपाशी तिने ओठ घट्ट मिटले, म्हणजे हसू दाबलं. पण रविवारचं विचारलं तशी विणकाम उचलून उठून गेली. बाबांचं कापडाचं दुकान टाकून तू परमुलखात गेलास, ते तिला अजून पचलेलं नाही. माझं ऐक, फार आशा ठेवू नकोस.

बाकी गावाला या खेळाचं वेड लागलंय. पाद्रीसाहेबांकडे जेवायला गेले होते, तिथे सोफ्याखाली चेंडू शोधताना माझ्या स्कर्टचा घोळ टर्रकन फाटला आणि पाद्रीसाहेब छताकडे बघत बसले. आपलं टेबल मात्र ओस आहे. आई त्यावर मखमली चादर घालून बसते. तुझ्यासाठी चेंडू आणून ठेवले होते, त्यातले दोन गायब! मांजराचंच काम. उरलेले पाठवते आहे.

आणि काय रे, पत्रात पिरोश्काचं नाव जरा जास्तच येतं, नाही का?

चिडलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई


बुडापेस्ट, २४ जानेवारी १९०२

ती. ताईस सा. न. वि. वि.

चेंडू मिळाले, पण माझ्या काही उपयोगाचे नाहीत. मी खेळणार नाही असं सांगून टाकलं. काकांना वाटलं, रविवारचं नुसतं निमित्त, खरं तर त्यांच्या मुलीच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटते. पिरोश्का आता वकिलाबरोबर सराव करते. माझ्यापुढे सूप आदळते आणि तोंड फिरवते. मला फार वाईट वाटतं, ताई. ती मला आवडते, आता चिडव हवं तेवढं.

पण आईला दिलेला शब्द मोडवत नाही. ती बोलत नाही, पत्र लिहीत नाही. आमच्यात तेवढा एक शब्दच उरलाय.

मांजराला माझ्यातर्फे एक धपाटा. तुला नेहमीसारखाच नमस्कार.

लायनेल


क्रॉयडन, २७ जानेवारी १९०२

चि. लायनेल यास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. डेलिया वाचून दाखवणार होती, मी ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

मांजराला मारायचं कारण नाही. काल रविवारी चर्चहून आल्यावर मी पडदे लावले, चादर काढली आणि आपल्या स्वयंपाकीण टिब्सबाईंना समोर उभं केलं. नाताळापासून दर रविवारी आमचं हे चाललंय. टिब्सबाई पीठ तिंबल्यासारखे फटके मारतात. काल डेलियाने दार उघडलं आणि आम्हाला मुद्देमालासह पकडलं. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

तू जेवणं झाली की टेबलावर टकटक सुरू करायचास आणि मी ओरडायची. तू गेलास आणि ते थांबलं. इतर दिवस जातात कसेतरी. रविवारी घर खायला उठतं.

शब्द मी घेतला होता, मीच परत करते. ९ तारखेला खेळ. हे पत्र केरेकेशांना दाखव आणि त्या मुलीला सांग की चूक माझी होती, तुझी नव्हे. वकिलाबिकिलाला बाजूला व्हायला सांग. उन्हाळ्यात तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन घरी ये. टेबलाच्या जोडफळीपाशी चेंडू वेडावाकडा उडतो, हे तिला आधी सांगू नकोस. रविवारीच या. त्या दिवशी पडदे उघडे ठेवीन.

कळावे. लोभ होताच, कळवायचा राहिला होता.

तुझी आई