मांडवाबाहेरचा मामा

राजुरी,
ता. ९ मार्च २०२५

चि. गोरखला प्रतिभाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. कांदा काढून झाला. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो. अक्षदाची हळद पुढल्या बुधवारी आहे. तू रजा घेतल्याचं कळलं. घ्यायला नको होतीस.

साखरपुड्यात तुला गप्प बसवायला हवं होतं. सोमाजी व्याह्यांनी साधं विचारलं, बंद झालेल्या अणुवीज केंद्रात आता काय काम असतं? 'पाडकाम' म्हणून सोडून द्यायचंस. पण तुला तिथल्या सुरक्षेच्या कायद्याचं भारी कौतुक! सरकारी तपासनीस असतात, खराटासुद्धा किरणोत्सर्ग मोजल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही, वापरलेले हातमोजे पिंपात सीलबंद होतात. तुला वाटलं, ऐकून त्यांची भीती जाईल. व्याह्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"खराटा सोडत न्हाईत, आन् मानसं सोडत्यात व्हय?"

तेव्हापासून त्यांची एकच अट आहे, हा मामा मांडवात नको. नवरीच्या पाठीशी आपला चुलतभाऊ भरत उभा राहील. पत्रिकेतही त्याचंच नाव घातलंय.

तुझ्या तपासणीचे कागद मी त्यांना दाखवलेच नाहीत. दाखवले असते तर विषय वाढून पुढचा प्रश्न आला असता, कॉलेजला असताना पोरगी कुठं राहायची? आम्ही वसतिगृह सांगितलंय. पाच वर्षं तू तिला सांभाळलंस, हे कुणाजवळ बोलू नकोस. लेण्याद्रीला गणपतीसमोर व्याह्यांदेखत तिनं शपथ घेतली, मामाच्या घरी एक रात्रही राहिले नाही म्हणून. तुला वाटेल, ताईनं पढवलं. नाही रे, मला एवढं धाडस कुठलं!

लिहू नये असं वाटत होतं, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा लिहिते. तू पाठवलेली मामाची साडी परवा आली. व्याही नेमके ओसरीवर बसलेले. मी ती आत नेणार, तोवर अक्षदा काठी घेऊन आली. काठीवर उचलून तिनं ती उकिरड्यावर टाकली आणि पेटवून दिली. तुझ्याच ताटात जेवून मोठी झालेली पोर ती, कशाची भीती नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. परत येऊन सासऱ्याला म्हणाली, "त्यो मामा आसंच कायबाय धाडतो. आमी घरात न्हाई घेत."

व्याही खूश झाले. पोरगी चांगल्या घरी पडतेय, गोरख, आणि मलाही बरंच वाटलं.

रजा रद्द कर. राखी यंदापासून भरतला बांधीन.

प्रतिभा