पिवळीचा भाव

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू हुंकाराच्या पुढे जात नाहीस आणि मला आज भरपूर बोलायचंय.

मामा, मला माझी गाडी सापडली! रोज पहाटे बेकरीची व्हॅन घेऊन मी पाव टाकायला जाते ना, त्या वाटेवर एका गॅरेजचं दार कधी नव्हे ते उघडं होतं. आत पिवळीधमक, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली. तुला मॉडेल सांगायची गरज नाही, लहानपणी माझ्या भिंतीवर जिचं चित्र होतं तीच. मी व्हॅन रस्त्यात तशीच उभी करून आत गेले. मागे कोणीतरी हॉर्न वाजवून वाजवून दमलं म्हणे.

मालकीणबाई जन्मभर रुग्णवाहिका चालवून आता निवृत्त झाल्यात. मी त्यांना मनातल्या मनात सायरनबाई म्हणते. एकट्याच राहतात. डावा गुडघा पार कामातून गेलाय आणि पिवळीचा क्लच दगडासारखा जड, म्हणून विकायचीय. आजच्या भावाला माझ्याकडे चौथा हिस्सा कमी पडतो. पण तीच कंपनी एप्रिलमध्ये नवं मॉडेल दाखवणार आहे, आणि नवं आलं की जुनीचा भाव पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. मी बाईंना म्हटलं, नवी आल्यावर आठ दिवसांनी जो भाव असेल त्याला मी घेते. त्यांनी विचारलं, वाढला तर? मी म्हटलं, वाढला तर वाढला. हातावर हात मारून मोकळ्या झालो.

आता भाव कोण ठरवणार? मी तुझं नाव सांगितलं. सख्खा मामा निष्पक्ष कसा, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी सांगितलं की याच मामाने माझ्या आईची, म्हणजे स्वतःच्या बहिणीची गाडी तपासून तिला तोंडावर भंगार म्हटलं होतं, आणि तेही तिच्याच हातचा चहा पीत. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, मग हाच माणूस हवा, दुसरा कोणी आला तर व्यवहार रद्द.

तर मामा, ये. लवकर ये. माझा जीव त्या गॅरेजात अडकलाय.

कानउघाडणी केलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.
तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी रस्त्यात व्हॅन उभी करण्याबद्दल माझ्या वतीने स्वतःला एक चापट मार.

काम मी घेतो. बँका आणि विमेवाले माझ्याकडून गाड्यांची किंमत करून घेतात ती मी कोणाचं भिडेखातर ऐकत नाही म्हणूनच. भाची म्हणून एक पैसा कमी होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागाहून नाक मुरडायचं नाही.

दुसरं म्हणजे, नवी आली की जुनी पडते हे अर्धंच खरं आहे. शेंबड्या पोराला उरलेलं अर्धं ठाऊक नसतं. साध्या गाड्यांचं तसं होतं खरं. पण या पळणाऱ्या गाड्या माणसं हौसेने घेतात. नवीत जास्त ताकद, जास्त झोक आला, की जुनीचे मालक घायकुतीला येतात, सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव कोसळतो. पण जुनीत जे आवडत होतं तेच कंपनीने नवीतून काढून टाकलं, तर गोष्ट उलटते. खानावळीत नवा आचारी आला की लोकांना जुन्याच्या हाताची चव आठवते ना, तसं. मग जुनी विकायला कोणी तयार होत नाही आणि भाव चढतो. तेव्हा डोक्यावर बर्फ ठेव.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. वाहनमालक बाईंना सांग, गाडी धुऊन ठेवू नका. धुतलेल्या गाडीत दोष दिसत नाहीत.

आईला नमस्कार सांग. तिने अजून भंगारचा विषय सोडला नसेल तर राहू दे.
तुझा,
मामा


२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काय जादू केलीस रे तू? नाही, गाडीने काय जादू केली तुझ्यावर?

ज्या माणसाने लायसन्सच्या परीक्षेत परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्याच स्कूटरला धडक दिली आणि त्यानंतर जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही, जो माझ्या व्हॅनमध्येसुद्धा डोळे मिटून बसतो, तो माणूस सायरनबाईंच्या शेजारी बसून टेकडीच्या वळणांवरून जाऊन आला आणि खाली उतरून म्हणाला की इंजिनाचा आवाज नीट ऐकू आला नाही, अजून एक फेरी मारू या! मी दारात उभी राहून बघतच राहिले. बाईंना त्या दिवशी संध्याकाळी गुडघ्याला बर्फ लावावा लागला, तरी तोंडावर हसू होतं. मला म्हणाल्या, तुझे मामा प्रश्न फार चांगले विचारतात. मी म्हटलं, गाड्यांबद्दलच विचारतात.

मी मात्र हवेत आहे. तू टायर संपलेत असं लिहिलंस ते वाचून मी टाळ्या पिटल्या. संपू देत! भाव अजून खाली! नवीचे फोटो फुटलेत, ताकद दीडपट आहे म्हणे. आत्ताच चार जुन्या विकायला निघाल्यात आणि त्यातल्या एकीची किंमत बघून मी बेकरीत पावाचा ट्रे घेऊन गिरकी घेतली. मालकांनी विचारलं, बरं आहे ना. मी सांगितलं, बरं नाही, उत्तम आहे.

तुझा चष्मा बाईंकडे राहिलाय. पोस्टाने पाठवू का विचारलं, तर म्हणाल्या, कशाला, ते येतीलच.

असाच जीव लाव.
तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो. रविवारी पुन्हा यावं लागेल. डिकीच्या रबराची पाहणी पुरेशा उजेडात झाली नव्हती. शिवाय इंजिन थंड असताना ऐकायचं राहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही बहुधा यावं लागेल, ब्रेक आहेत. यात विशेष काही नाही, काम म्हटलं की नीटच करावं लागतं.

तू पहाटे उठून दमतेस, तेव्हा माझ्याबरोबर यायची तसदी घेऊ नकोस.
तुझा,
मामा


२० एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मेले मी मामा, साफ मेले.

काल नवी दाखवली. किंमत ठरवणाऱ्याने तिथे जाऊ नये म्हणून तू आला नाहीस, ते बरंच झालं, माझं तोंड बघवलं नसतं तुला. मी आणि सायरनबाई शोरूममध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या. मी मनात म्हणतेय, देखणी निघू दे, देखणी निघू दे. त्या मनात उलटं म्हणत असणार. आणि दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून! कापड ओढलं. दिसायला फाकडू आहे, खोटं कशाला बोलू. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी जवळजवळ नाचले.

मग एक टक्कल पडलेले गृहस्थ आत वाकून बघायला गेले आणि तसेच वाकलेले राहिले. गिअरचा दांडाच नाही! क्लचही नाही. सगळं आपोआप. बरं, आवाज? तो इंजिनाचा नाही, स्पीकरमधून सोडतात. विक्रेत्या मुलीने बटण दाबून दाखवलं, भांडणारं, शहाणं आणि झोपलेलं असे तीन आवाज आहेत त्यात. सगळ्या शोरूममध्ये असं काही चुकचुकणं झालं म्हणून सांगू! टक्कलवाल्या गृहस्थांनी तिथल्या तिथे फोन काढून कोणाला तरी सांगितलं की आपली जुनी आता अजिबात विकायची नाही.

मला वाटलं, बाईंना तरी ही आवडेल, गुडघ्याला आरामच की. त्यांना फेरीही मारून आणली. उतरल्या आणि म्हणाल्या, लिफ्टमधून जाऊन आल्यासारखं वाटलं.

आज सकाळी पाहिलं तर त्या चार जुन्यांपैकी तीन जाहिराती गायब. चौथीचा भाव असा काही चढलाय की मला आता चौथा हिस्सा नाही, निम्मे पैसे कमी पडतील. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि लिहिलंस तर मीच तुझ्याशी बोलणार नाही. पण मामा, मी रडले रे. व्हॅनमध्ये बसून, पावांसमोर. मग स्वतःचंच हसू आलं, कारण वाढला तर वाढला असं मीच ऐटीत म्हणाले होते.

एक गंमत सांगायची राहिली. आई म्हणाली, तू तिला फोन करून निळा शर्ट घालू की राखाडी असं विचारलंस. बँकेत एवढं कोण बघतं तुझ्याकडे?

आठ दिवसांनी भाव कळव. मन घट्ट केलंय. तुझं मात्र माझ्यावरचं मऊच असू दे.
भिंगरी


२८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आज भाव कळवायचा होता. कळवू शकत नाही.

कारण नियमाचं आहे आणि ते मी इतकी वर्षं पाळत आलोय. किंमत ठरवणाऱ्याचा त्या वस्तूत किंवा तिच्या मालकात कोणताही हितसंबंध असता कामा नये. वस्तूत माझा हितसंबंध नाही. मालकात आहे.

हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

पहिल्या रविवारी सकाळी आलो तेव्हा नव्हता. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर त्यांनी मला विचारलं की भीती वाटते का. मी नाही म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं की खरंच वाटत नाहीये. तिथपासून मी अपात्र आहे. डिकीचं रबर उत्तम स्थितीत आहे, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चष्मा मी विसरलो नव्हतो.

परवा मी त्यांना सगळं सांगितलं, अपात्रतेसकट. त्यांनी विचारलं की मग आता पुढे काय. मी म्हणालो की या कामातून माघार घेतो आणि तुमची हरकत नसेल तर दुसऱ्या कामासाठी अर्ज करतो. हरकत नाही म्हणाल्या. या वयात माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं.

तुमचा करार असा होता की भाव मीच ठरवायचा, नाहीतर व्यवहार रद्द. म्हणजे तुझी गाडी माझ्यामुळे गेली. मला फार वाईट वाटतंय, पोरी. आणि त्याच वेळी इतका आनंद झालाय की दोन्ही कुठे ठेवू ते समजत नाही.

रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझा,
मामा


३० एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि हो, हे नाव मला तुझ्या मामांकडून कळलं. सायरनबाईही कळलं. आवडलं.

मी पाल्हाळ लावत नाही, सवय नाही. पिवळीसाठी माझ्याकडे तीन माणसं येऊन गेली. एकाने इंजिन गरम व्हायच्या आधीच पाय दाबला, त्याला गॅरेजच्या बाहेर काढलं. दुसऱ्याला ती नुसती झाकून ठेवायची होती, अजून भाव चढेपर्यंत. तिसऱ्याने आकडा सांगितला तो ऐकून मी खाली बसले. तिघांनाही नाही म्हणून सांगितलं. करार मोडला म्हणजे गाडी विकायचीच नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आता अडचण ऐक. पुढच्या महिन्यात आम्ही सही करून एका घरात राहायला लागू. त्या घरात ही गाडी असेल. घरातल्या बाईला गुडघा नाही आणि घरातल्या बुवाला लायसन्स नाही. गाडी उभी राहिली तर सडेल. ड्रायव्हर ठेवायचा तर अनोळखी माणसाच्या हाती मी स्टिअरिंग देणार नाही. मला असं कोणीतरी हवं, जे पहाटे ताजंतवानं असतं, ज्याने वर्षानुवर्षं व्हॅनमधून पाव न चेपता पोचवलेत आणि जे या गाडीसाठी भर रस्त्यात ती व्हॅन सोडून धावत आलं होतं.

दर रविवारी सकाळी. किल्ली दाराच्या आतल्या खिळ्यावर. उशीर मला चालत नाही.

माझा लोभ आता नात्याने तुला चिकटलाय, तेव्हा सुटका नाही.
तुझी होऊ घातलेली,
मामी


२ मे

ती. मामास आणि ती. मामीस,
दोघांना मिळून एकच सा. न. वि. वि., कारण वाकता वाकता मला उड्या मारायच्यात.

मामा, लबाडा! डिकीचं रबर! मी दीड महिना त्या रबराची काळजी करत होते! आईला सांगितलं तर ती आधी किंचाळली, मग खुर्चीत बसली आणि मग म्हणाली, तरीच निळा शर्ट. तिने भंगारचा विषय आजपासून सोडलाय.

मामी, मला नोकरी मान्य. पगार नको. अट एकच, मामाने मागे बसायचं. त्या मागच्या सीटवर माणूस गुडघे कानाशी घेऊनच मावतो हे मला माहीत आहे आणि म्हणूनच. तिथून सावकाश, सावकाश असं ओरडायचं नाही.

आणि माझे साठवलेले पैसे आहेत ना, त्यातून मी काल चार टायर घेतले. मामाने पहिल्याच दिवशी संपलेत म्हणून लिहिलं होतं तेच. लग्नाची भेट समजा. नाही म्हणायची सोय नाही, बसवायला माणूस शुक्रवारी येतोय. त्याला मी बजावलंय की इंजिनाला हात लावायचा नाही, पहिल्यांदा मीच सुरू करणार.

बेकरीचे मालक सांगत होते, कंपनीवर लोक एवढे चिडलेत की पुढच्या वर्षी गिअरवालं नवं मॉडेल काढणार आहेत म्हणे. मग पुन्हा जुनीचा भाव पडेल. पडू दे, नाहीतर चढू दे. भाव सांगणारा माणूस आता घरातलाच आहे, पण मी त्याला विचारणार नाही.

रविवारी येतेच. दोघांनीही दारात उभं राहा.
तुमच्या दोघांची,
भिंगरी