कचेरीच्या मागच्या दारचे गाऱ्हाणे

सोम., ९ नोव्हें. १९९८
जुन्या जकात कचेरीचे काम संपले. नवी कौले, चुना, आत मागच्या दाराला लागून गाण्याच्या कार्यक्रमांसाठी कट्टा. रविवारी पहिला. संध्याकाळी मागच्या दारी राखणदार देवाला दिवा लावायला गेले, तर त्याच्या पाषाणावर काच, वर बल्ब. दिवा काचेबाहेर ठेवला. वाऱ्याने गेला.

गुरु., १२
कचेरीचा कारभार बघणारी पणजीची बाई आली. "आजी, तुमचे यजमान इथे दर वर्षी गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचे ना? तुम्हाला पाठ आहे म्हणे. रविवारी कट्ट्यावर घालाल? दोन मिनिटं."
म्हटले, तोंड पाषाणाकडे हवे. लोकांकडे पाठ होईल.
"मग फोटो कसा यायचा?"
म्हटले, पाठीचा काढा. आणि काच काढा.

शुक्र., १३
दीर आले. "वयनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूची रीत नाय."
"मगे तुमी घाला."
"माका खंय येता सगळा?"
उंडो पाव चहात बुडवून खाल्ला, गेले.
शेवटच्या वर्षी ह्यांना ताप होता. म्हणाले, बरा झालो की घालतो. ते राहिले. राहिले म्हणून हे गेले, असे मी म्हणत नाही. पण...

शनि., १४
भांडी घासताना म्हणून पाहिले. सगळे येते. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. एक मागणे झाले की हे थांबायचे, मागची माणसे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायची. ती म्हणाल्याशिवाय पुढचे मागणे नाही. तिकीट काढून बसलेल्यांना हे कोण सांगणार? बाईंना सांगायचे राहून गेले.

रवि., १५
जाऊन आले. काच काढली होती. नऊवारी नेसले, ह्यांचा पंचा खांद्यावर घेतला. गावावर, ह्या जागेवर नजर ठेव, असे पहिले मागणे घातले आणि थांबले.
मागे टाळ्या वाजल्या.
मी थांबूनच. टाळ्या संपल्या. कोणी खोकले. बाई हळूच, "आजी, झालं का?" हात जोडलेलेच, दुखायला लागले.
मग मागून, पुढच्या दाराकडून, "व्हय म्हाराजा." दिरांचा आवाज. वळून पाहायचे नसते, पाहिले नाही. दुसरे मागणे घातले. पुन्हा तेवढाच एक आवाज. असे शेवटपर्यंत.
घरी येताना दीर पुढे, मी मागे.
एकट्याने व्हय म्हटलेले पोचते का, हे ह्यांना कधी विचारले नव्हते.