गायरानाचा धनी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
उंबरवाडी, कार्तिक शुद्ध ५, फसली १३५०

चि. शिवमूर्तीस बसवंतकाकाचे अनेक आशीर्वाद. तहसील कचेरीत नोकरी लागल्यापासून पुतण्या आमाला विसरला, असं तुझी काकू रोज म्हणायलीय. मी तुझी बाजू घेतो अन् बोलणी खातो.

काल जमिनींची नोंद घ्यायला गिरदावरसाहेब आले. नदीकाठच्या कुरणाला गायरान का म्हणता, असं विचारायले. मी पाटील, मीच सांगितलं. गाईचं रान ते गायरान. नाव ठेवणाऱ्यांनी त्यातनं माणसाला वगळलंच हाय. मग मालक कोण म्हणले. गाव एका तोंडानं बोललं, कुणीच न्हाई. त्या रानाला जो माझं म्हणल त्याच्या घरचं पाणी आमी पीत न्हाई, हेबी सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं, समद्यांनी अंगठे दिले. लय बरं वाटलं बघ.

चार ओळी का होईना, लिहीत जा.

परभणी, कार्तिक शुद्ध १२

ती. काकांस शिवमूर्तीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काका, काय करून बसलात! कुणीच मालक नाही म्हणजे कागदावर बेवारस. आता अर्ज करील त्याला मालकीचा पट्टा मिळणार, आणि सेलूच्या माणिकराव व्यापाऱ्याचा अर्ज आलासुद्धा. तो नांगर घालून कापूस लावणार. गावाचं आहे, एवढं बोलला असतात तर भागलं असतं. आता गावाच्या नावानं होत नाही, मी विचारून पाहिलं.

पाटील म्हणून तुमचा हक्क आधी लागतो. अमावास्येच्या आत या आणि रान माझं आहे असं लिहून द्या. नाव फक्त तुमचं, गुरं पहिल्यासारखीच चरतील. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण या.

काकूंना शरणार्थ. माया पातळ होऊ देऊ नका.

उंबरवाडी, भाद्रपद वद्य ३

चि. शिवमूर्तीस आशीर्वाद. पट्टा माझ्या नावावर होऊन वर्ष होत आलं. माणिकराव हात हलवत गेला. तू म्हणलास तसंच झालं.

गुरं मात्र आली न्हाईत. मी दवंडी दिली, चावडीत हात जोडले. मुंजाजी म्हणला, पाटील, दुसऱ्याच्या रानात गुरं सोडायची आमची चाल न्हाई. लय अदबीनं म्हणला रे, त्याचाच जास्त राग आला. धुरपताबाईनं चाऱ्यापायी दोन्ही गाई सोनपेठच्या बाजारात विकल्या, अन् इथं गवत कमरेला लागलंय. तुझी काकू आडावर गेली की बाया घागरी उचलून बाजूला होतात. तिनं काय केलं होतं?

गायरान असं आता कुणी म्हणत न्हाई. बसवंताचं रान म्हणतात. रोज आपली एकटी गाय घेऊन जातो. ती चरते, मी बांधावर बसून असतो.

तुला दोष देत न्हाई. लोभ तेवढा ठेव बाबा, गावात आता तो कुणाचा उरला न्हाई.