तिघी मारी आणि एक शब्दकोश

शनिवार, १४ जून

बाई, इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. तुम्ही होतात तेव्हा राहून गेलं, आणि तुम्हाला जाऊनही आता अकरा वर्षं झाली. पण आजचा दिवस तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या कॉन्डोत कॅनडाचे एक आजोबा लेकीकडे राहतात. पूर्वज फ्रेंच, पण घरातून ती भाषा दोन पिढ्यांपूर्वीच गेली. त्यामुळे चर्चच्या जुन्या नोंदींच्या प्रती त्यांच्या आणि वाचणारी मी, पुण्यात तुमच्या हाताखाली फ्रेंच शिकलेली. दर शनिवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कडक कॉफी पीत आम्ही एकेक पान लावतो. गेल्या महिन्यात त्यांच्या खापरपणजीचा बाप्तिस्मा सापडला. नाव मारी. त्याच आईबापांच्या आधीच्या दोन मुली, त्याही मारीच; पुढे आणखी एकेक नाव होतं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. मी जड आवाजात सांगितलं, "आधीच्या दोघी गेल्या असणार, म्हणून तेच नाव पुन्हा ठेवलं." आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि नातवंडांसाठी लिहीत असलेल्या वहीत दोघींपुढे लहानसे क्रूस काढले. मृत्यूची नोंद मी शोधलीही नव्हती. आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटावं, हे मला आवडत होतं का? होतं.

बुधवारी बुओना व्हिस्टाहून घरी येताना एमआरटीच्या गाडीत पुढचं पान वाचत होते. खापरपणजीचं लग्न. हजर असलेल्यांत तिच्या दोन्ही थोरल्या बहिणी, नवऱ्यांसकट! मग नीट शोधलं. कॅनडातल्या त्या फ्रेंच वसाहतीत बाप्तिस्म्याला बहुतेक प्रत्येक मुलीच्या नावाआधी मारी लावत, मुलाच्या नावाआधी जोसेफ. हाक मारायचं नाव शेवटी. आणि हे मला सुचू नये? माझं पत्रिकेतलं नाव बारशानंतर कुणी उच्चारलेलं नाही. घरी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, यू किल्ड टू पीपल, लाह!" आणि मला दिसलं, तुम्ही फळ्यापाशी उभ्या आहात, हातात माझी वही. "अंदाज घरी ठेवून येत जा. पानावर आहे तेवढंच वाच." अख्ख्या वर्गासमोर.

आज आजोबांना सगळं सांगितलं. ते ऐकतात, कप खाली ठेवतात आणि शेजारची टेबलं वळून बघतील असे हसतात. "महिनाभर मी हळहळतोय, आणि या बाया लग्नात जेवत होत्या!" क्रूस खोडून त्यांनी माझ्यासाठी आणखी एक नारळाच्या जॅमचा काया टोस्ट मागवला. म्हणाले, बरं की आमच्या नोंदींत बायकांची माहेरचीच नावं शेवटपर्यंत असतात, नाहीतर सापडल्या नसत्या. तुमच्याकडे? मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नात आडनावच काय, पुष्कळदा नावही बदलतं." आणि बोलता बोलता मला तुमचा शब्दकोश आठवला.

शेवटच्या तासाला तुम्ही मला फ्रेंच शब्दकोश दिला होता. पहिल्या पानावर कुणा परक्या बाईचं नाव, खाली तारीख. मला वाटलं, जुन्या बाजारातला. बाकीच्यांना तेही मिळालं नव्हतं, तरी मी रुसले आणि आभाराचं पत्र लिहिलंच नाही. आज घरी येऊन तो काढला. तारखेतल्या साताला मधोमध आडवी रेघ आहे. तसा सात वर्गात फक्त तुम्ही काढायचात, आम्ही हसायचो. म्हणजे तो तुमचाच, लग्नाआधीचा, तुम्ही स्वतः शिकत असतानाचा. कुणा अनोळखी मारीसाठी लग्नाचं पान शोधलं, पण तुमच्या एका पानाकडे पंचवीस वर्षं नीट पाहिलं नाही.

हे पत्र शब्दकोशातच ठेवते, दुसरा पत्ता नाही. आणि एक राहिलं. त्या नावावर मी तेव्हाच माझ्या नावाची चिठ्ठी डकवली होती. चिठ्ठीखालचं नाव आता मला आठवत नाही.

उद्या: किटलीच्या वाफेवर चिठ्ठी अलगद सोडवणे.