विश्वशांतीला जामीनदार मिळेना

समता कॉलोनी, रायपूर
२१ मे

तीर्थरूप नीलकंठदादास,

धाकट्या नरहरीचा पाया पडून नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही रोज सकाळी अर्धी अमरावती फिरून राहिले असं कळलं. वहिनींना तेवढीच शांतता. इथे मात्र शांततेसाठी आम्हाला घाम गाळावा लागतो.

आमच्या कॉलोनीत 'बंदी सुधार व विश्वशांती समिती' निघाली आहे. (आधी नुसता बंदी सुधार होता, लेटरहेडवर जागा उरली म्हणून विश्वशांती घातली.) अध्यक्ष बाबाराव, रेल्वेतून रिटायर्ड, सचिव मी, कारण अर्ज लिहायचा म्हटला की बाकीच्यांचे चष्मे हरवतात. परवा तुरुंगाच्या फाटकापर्यंत मेणबत्ती मोर्चा काढला. संध्याकाळी समितीतल्या शिशिरच्या साळीचं (मेव्हणीचं) लग्न, म्हणून दुपारी चारला. मेणबत्त्यांनी पेटवायच्या आधीच माना टाकल्या. हातात वाकड्या पांढऱ्या काड्या धरून आम्ही कैद्यांच्या न्यायासाठी उभे! शेवटी फाटकावरच्या शिपायाला दया आली, त्याने आम्हालाच पाणी पाजलं. पेपरात फोटो आला. त्यात बाबारावांची टोपी दिसते.

फाटकापाशी पाणी पीत होतो, तेवढ्यात शांता पुढे आली. ही बीरगांवची. नवरा शंकर कारखान्यातल्या सळया चोरल्याच्या आरोपाखाली आठ महिने आत. जामीन मंजूर होऊन महिना झाला, पण कोणी शेतीवाला आपली ऋण पुस्तिका (जमिनीची ती सरकारी वही) घेऊन कोर्टात उभा राहील तेव्हा सुटका. "भैया, मोला शांति-वांति नइ चाही," ती म्हणाली, "एक झन जमानतदार चाही."

दादा, सत्तावीस तत्त्वनिष्ठ माणसं इतक्या चपळाईने पांगलेली मी पाहिली नव्हती. (त्यांतले निम्मे संधिवाताचे.) शिशिरची पुस्तिका म्हणे बँकेत. एकाचा पोट्टा कॅनडाला जाऊन राहिला, त्यामुळे घरात कोर्टाचा कागद नको. आणि बाबाराव, ज्यांची भनपुरीपलीकडे चांगली आठ एकर शेती, ते म्हणाले, "देखो बाई, हम पूरे सिस्टम से लड़ रहे हैं. एक शंकर में अटक गए तो बाकी कैदियों का क्या?"

"मोर वाले ला छोड़वा देव," शांता म्हणाली, "बाकी मन बर लड़त रहव." (बाकीच्यांसाठी लढत राहा म्हणे.)

यावर बाबारावांनी 'वंदे मातरम्' म्हणून मोर्चा संपवला. थू असल्या समाजसेवेवर! घरी येऊन आमच्या सौ. प्रेमलाला हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तीच चूक झाली.

आपला आज्ञाधारक,
नरहरी

ता. क. – प्रेमलाच्या वडिलांनी तिला आरंगकडे दोन एकर दिली होती. ती पुस्तिका काढून ती जामीनदार व्हायला निघाली आहे! शंकर तारखेला आलाच नाही तर? ती तुमचंच ऐकते. आपल्या घरच्या बाया कोर्टाची पायरी चढत नाहीत, असं दोन ओळींत कडक लिहा. माझं नाव काढू नका.

आणखी ता. क. – दादा, प्रेमलाचा नमस्कार. तुमच्या दोन ओळींसाठी थांबली नाही. मी कालच कोर्टात पुस्तिका देऊन आली. शंकर घरी पोचला. समितीनं रविवारी सत्कार ठेवला आहे. ह्यांचा. भाषण लिहून राहिले, म्हणून इतके दिवस पडून असलेलं हे पाकीट टाकायला मले दिलं.