कोपीत कोण झोपायचं

प्रिय कौशल्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून पत्र लिहिते. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण, माझं अक्षर तुला लागतं. मधेच फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल चुलीत घाल.

परवा तुझ्या चकलांब्याहून संस्थेची गाडी रिकामी परत आली. ती मंडळी छकुलीला तपासायला नेणार होती, तू दारातूनच हाकलून लावलंस. माझी लेक तुमच्या यादीत नव्हती, मग आता नात कशाला पाहिजे, असं म्हणालीस म्हणे. ड्रायव्हरनं सगळं सांगितलं. इंग्रिड मॅडम, त्या नॉर्वेच्या, गाडीत बसून रडल्या. त्यांना मराठी येत नाही, पण तू काय बोललीस ते त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांकडून शब्द न शब्द समजून घेतलं. छकुलीला रोज संध्याकाळी कणकण येते, घास तोंडात धरून बसते, हे तुझ्या शेजारणीकडून कळलं. दोन वर्षांची तर आहे गं ती. आत्ता तपासलं तर औषधानं पोर नीट होईल, आणि तू दार लावून बसलीस.

तुळजाच्या तेराव्याला तू मलाही हेच विचारलं होतंस. केशर, तू घरोघर थुंकीच्या डब्या वाटत फिरतीस, मग माझी लेक तुझ्या हातून कशी सुटली? मी म्हणाले, नशीब. तू मान हलवलीस आणि माझ्या पानात आणखी भात वाढलास. मी तो खाल्ला.

तुळजाचं स्थळ मीच आणलं होतं, आमच्याच गावात, दोन घरं सोडून. मला मावशे म्हणायची आणि माझ्या सुनेपेक्षा जास्त हक्क गाजवायची. मी पापड लाटायचे, ही शेजारी बसून कच्च्या लाट्या खायची आणि वर मलाच सांगायची, मीठ कमी हाय. हसली की तुझ्यासारखंच नाक फुगायचं तिचं. लई आठवण येते. तुझ्यापुढं असं म्हणायचीही लाज वाटते मला.

ते दुष्काळाचं साल आठव. वडवणीहून टँकर चार-चार दिवसांनी यायचा. ज्यांनी दहा वर्षं कोयता हातात धरला नव्हता, तेसुद्धा त्या दिवाळीला ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढले. कृष्णाकाठच्या त्या सहकारी कारखान्यावर इतकी माणसं लोटली, की राहायच्या कोप्या उभारायला बांबूच्या चटया पुरल्या नाहीत. मग दोन जोडप्यांत मिळून एक कोपी. तुळजा, तिचा आश्रुबा आणि अंगावर पिणारी छकुली एका अंगाला, माझा म्हाळू आणि सून दुसऱ्या अंगाला, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. हे तुला माहीत आहे. तूच म्हणाली होतीस, बरं झालं बाई, लेकराजवळ घरचं माणूस हाय.

तुला जे माहीत नाही ते हे, की म्हाळू त्याच कोपीत खोकायला लागला होता. पाडव्याला परत आला तेव्हा गळ्याची हाडं वर आली होती. मी गावभर कावीळ सांगितली, तुलाही तेच सांगितलं. कावीळ नव्हती, टीबी होता. त्याची थुंकी मीच तपासायला पाठवली आणि सहा महिने गोळ्या मीच दिल्या, कणगीमागं लपवून ठेवलेल्या.

पुण्याची संस्था आणि मॅडमचं विद्यापीठ मिळून हा अभ्यास चालवतात. एक रोगी सापडला की त्याच्याजवळ राहणाऱ्या सगळ्यांची यादी करायची, तपासायचं, आजार उठायच्या आधीच औषध द्यायचं. फॉर्मवर विचारलं होतं, एका चुलीवर कोण कोण जेवतं. आपल्याकडं घर म्हटलं की माणूस गावातलं घर सांगतो. उसात सहा महिने काढतो त्याला कुणी घर म्हणत नाही. तसं मीही लिहिलं, मी, म्हाळू आणि सून. आज सगळे धरून चाललेत की तुळजाला उसातल्या कुणा न सापडलेल्या रोग्यापासून लागण झाली आणि फॉर्मच्या या चुकीपायी ती सुटली. मॅडम प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात, आमचा प्रश्नच चुकला. नव्या फॉर्मवर त्यांनी कोपीचा रकाना घातलाय. मी मागं बसून ऐकत होते.

कौशल्या, प्रश्न चुकला नव्हता. मॅडमनं तेव्हाच मला समोर बसवून विचारलं होतं. वहीत मधोमध म्हाळूचा एक गोल काढला आणि म्हणाल्या, उसात हा कुणाशेजारी झोपायचा? पुण्याच्या डॉक्टरांनी मराठीत दोनदा विचारलं. मी म्हणाले, नवरा-बायको दोघंच, ज्याची त्याची कोपी असते. मॅडमनं शेजारी सुनेचा एकच गोल काढला.

तुळजाचं नाव घेतलं असतं तर गाडी तिच्या दारात गेली असती, तिच्या सासूनं खोदून खोदून विचारलं असतं आणि म्हाळूचं नाव गावात झालं असतं. खोकणाऱ्याला मुकादम टोळीत घेत नाही, आणि एकट्या बाईला तर कुणीच नाही, कोयता जोडीचाच लागतो. सून माहेरी निघून गेली असती. वाटलं, तुळजा धडधाकट हाय, तिला काय होतंय. पुढच्या हंगामात म्हाळू बरा होऊन ऊस तोडायला लागला, आणि एक दिवस सुनेनं फोनवर सांगितलं की तुळजा खोकतीय. मी म्हणाले, पाचटाच्या धुरळ्यानं असंल. थुंकीची डबी तेव्हा माझ्या हातात होती गं. माघात तिला बीडला नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं गेली होती.

काल मॅडमला सगळं सांगून टाकलं. माझं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, ती तू देऊसुद्धा नकोस. तू ज्यांना हाकललंस त्यांनी तुझ्या लेकीला वगळलं नाही, मी वगळलं. राग माझ्यावर काढ. गावभर माझं आणि म्हाळूचं नाव सांग. शुक्रवारी गाडी परत येईल, तिच्यात मी नसेन. तेवढं दार उघड. छकुली त्याच कोपीत वाढली, कौशल्या. रात्री रडायला लागली की तुळजा दमलेली असायची, म्हणून म्हाळूच तिला छातीवर घेऊन निजवायचा.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
केशर